अंतर्गत वेस्टगेट व टर्बो गाडीतील बूस्टनियंत्रण

अंतर्गत वेस्टगेट ही टर्बोचार्जरच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या) टर्बाइन-कवचातच बसवलेली एक छोटी झडप असते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंपैकी काही भाग ती टर्बाइनच्या चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरच्या नळीत सोडते. त्यामुळे टर्बाइनचा आणि त्याच आसावर फिरून हवा दाबणाऱ्या कंप्रेसरचा वेग आटोक्यात राहतो, पर्यायाने इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाबही. वातावरणाच्या दाबाहून वर चढलेल्या या दाबाला बूस्ट म्हणतात. झडप कवचाबाहेर स्वतंत्र बसवली असेल तर ते बाह्य वेस्टगेट. रोजच्या वापराच्या गाड्यांत मात्र बहुधा अंतर्गतच आढळते.

लगामाची गरज टर्बोच्या स्वभावातच आहे. बूस्ट वाढला की सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, तिच्या प्रमाणात इंधन जास्त जळते, धूर जास्त निघतो आणि तोच धूर टर्बाइनला आणखी जोरात फिरवतो. पेट्रोल इंजिनात हे वाढत गेले तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. हेच नॉकिंग. ते जोराचे असेल तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी निष्कास वायूंवर, म्हणजे इंजिनाच्या धुरावर, चालणाऱ्या कंप्रेसरचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. टर्बोला लगाम किती लागतो हे इंजिनाच्या कामावर ठरते. जहाजाचे इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालते, त्याला टर्बो मापात निवडला की बरेचसे काम होते. मोटारीचे इंजिन सिग्नलला मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असते आणि ओव्हरटेक करताना ५,००० वर. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन टर्बो गाड्या विक्रीला आल्या आणि दोघींनी या प्रश्नाची वेगळी उत्तरे दिली. शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडरला वेस्टगेट नव्हते. निष्कास मार्गातला अडथळाच बूस्टला आवर घालायचा. ओल्डस्मोबील जेटफायरला वेस्टगेट होते आणि बूस्ट सुमारे ५ पीएसआयवर (साधारण ०.३५ बार; १ बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब) थांबत असे. तिचा संपीडन गुणोत्तराचा (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा) आकडा १०.२५ इतका चढा असल्याने नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण इंजिनात फवारावे लागे.

झडप उघडण्याचे काम ॲक्च्युएटर करतो. ही पत्र्याची डबी असते. आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला स्प्रिंग, आणि पडद्याला जोडलेला दांडा बाहेर येऊन झडपेची तरफ धरतो. डबीच्या नळीतून कंप्रेसरकडचा दाब पडद्यावर येतो. पडद्याचा व्यास ५ सेंमी धरला तर क्षेत्रफळ साधारण २० चौ. सेंमी होते, ०.५ बार दाबाला त्यावर सुमारे १० किलोचा जोर पडतो. स्प्रिंग तेवढ्याला दबेल अशी निवडली की अर्ध्या बारला झडप उघडू लागते. झडपेच्या मागून निष्कास वायूही तिला ढकलत असतात, म्हणून इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांना ती ठरल्याआधीच थोडी किलकिली होते आणि बूस्ट ओसरतो.

मग स्प्रिंगच्या आकड्यापेक्षा जास्त बूस्ट हवा असेल तर? डबीला खरा दाब कळू द्यायचा नाही. साऱ्या बूस्टनियंत्रणाचे मर्म एवढेच आहे. नळीतली थोडी हवा वाटेतच बाहेर सोडली की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ०.८ बार असताना डबीपर्यंत ०.५ बारच पोहोचतो आणि झडप उशिरा उघडते. हातचलाखीचा प्रकार म्हणजे टी-जोडणीवर बसवलेला ब्लीड व्हॉल्व्ह. त्याहून बरा म्हणजे गोळी व स्प्रिंगचा कंट्रोलर, जो ठराविक दाब येईपर्यंत डबीकडे काहीच जाऊ देत नाही. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत हेच काम तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप) करतो. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत तो एन७५ नावाने ओळखला जातो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला सेकंदाला अनेकदा उघडझाप करायला लावतो. त्याची वीज तुटली तर पूर्ण दाब डबीला मिळतो आणि गाडी स्प्रिंगच्या किमान बूस्टवर चालते. बिघाड सुरक्षित बाजूला पडावा असा हा विचार फार मोलाचा आहे. फसवणूक मात्र एकाच दिशेने चालते: स्प्रिंगच्या आकड्याखाली बूस्ट आणणे कोणत्याही कंट्रोलरला जमत नाही, त्यासाठी मऊ स्प्रिंगच लागते.

किती फसवायचे हे इंजिनालाच विचारण्याची कल्पना स्वीडनच्या साब या मोटार कंपनीने आणली. १९७७ मध्ये दाखवलेल्या साब ९९ टर्बोत नुसती डबी होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पेर गिलब्रँड यांच्या हाताखाली तयार झालेल्या एपीसी यंत्रणेने इंजिनाच्या ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. ठोका ऐकू आला की सोलेनॉइड डबीला जास्त दाब देई आणि बूस्ट उतरे. हलके पेट्रोल भरले तर शक्ती कमी मिळे, इंजिन मात्र शाबूत राहत असे. टर्बो गाडी रोजच्या वापराची झाली त्यात या यंत्रणेचा वाटा मोठा आहे. नॉकिंगकडे कान न देता ब्लीड व्हॉल्व्हचा खटका पिळणे म्हणजे या यंत्रणेच्या आधीच्या काळात परत जाणे होय.

डबीचा आणखी एक गुण चढाला दिसतो. पडद्याची दुसरी बाजू बाहेरच्या हवेकडे उघडी असते, त्यामुळे डबी फरक मोजते, एकूण दाब नव्हे. मुंबईत बाहेरचा दाब १.०१ बार आणि बूस्ट ०.५, एकूण १.५१. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला बाहेरचा दाब ०.८६ च्या आसपास, म्हणून बूस्टच्या काट्यावर तेच ०.५ दिसले तरी एकूण १.३६. बिनटर्बोच्या इंजिनाला तिथे सुमारे १५ टक्के हवा कमी मिळते, याला १० टक्के. एकूण दाब मोजणारा ईसीयू ही तूट भरून काढू शकतो, पण त्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते.

बूस्ट दोन तऱ्हांनी हाताबाहेर जातो. झडप उघडेपर्यंत टर्बो पुढे निघून गेला तर क्षणभर उसळी येते. दुसरी तऱ्हा अवघड: झडप पूर्ण उघडूनही भोक अपुरे पडते आणि फेऱ्यांबरोबर बूस्ट चढतच राहतो. मोकळा सायलेन्सर बसवल्यावर हे अनेकदा उद्‌भवते. त्यावर सोलेनॉइडचे काही चालत नाही. भोक घासून मोठे करावे लागते किंवा बाह्य वेस्टगेट घ्यावे लागते.

नव्या गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या १.० लिटर टीएसआयमध्ये, डबीऐवजी विजेची मोटर दांडा हलवते. बूस्ट नसतानाही ती झडप उघडू शकते, हा मोठा फायदा. डिझेलमध्ये अनेकदा वेस्टगेटच नसते, टर्बाइनभोवतीची फिरती पाती तेच काम करतात. पुण्याजवळ रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेटच्या ७५ अश्वशक्तीच्या रूपात साधा टर्बो होता, ९० अश्वशक्तीच्या रूपात अशा फिरत्या पात्यांचा.

बूस्ट वाढला की अनेकांचा संशय ईसीयूवर जातो. आधी डबीची स्वस्तातली नळी पाहावी. ती चिरली वा निसटली तर डबीला दाबच मिळत नाही आणि झडप बंद राहते. पडदा फाटला तरी तेच. उलट बूस्ट कमी असेल आणि टर्बोपाशी खडखड येत असेल तर बहुधा तरफेचे बुश (तरफ ज्यात फिरते ते कडे) झिजलेले असते. डबीच्या तोंडाला गेज असलेला हातपंप लावून दांडा ठरल्या दाबाला हलतो का ते बघता येते. हलल्यावर पंप थांबवला आणि काटा खाली सरकू लागला, तर पडद्याला भोक आहे.