हळद रक्तात फारशी जात नाही, मग आतड्याच्या सुजेवर कशी चालते?

आधी एक गोंधळ मिटवू, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे सूज नसताना पोट बिघडत राहणं) वेगळं आणि आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) वेगळं. आयबीडीत आतड्याला खरोखरची सूज असते, जखमा होतात, शौचातून रक्त जातं, आणि त्यातले मुख्य आजार दोन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. दोन्हीत शरीराची स्वतःचीच इम्युन सिस्टिम आतड्याच्या अस्तरावर उठलेली असते. मेसालामाइन, स्टेरॉइड, बायोलॉजिक इंजेक्शनं असं बरंच काही आहे पण सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आणि काहींना लागू पडलेलं औषधही पुढे चालेनासं होतं, म्हणून संशोधक झाडपाल्याकडे वळले.

हळदीतलं करक्युमिन यात सगळ्यात गाजलेलं. सुजेचे जीन चालू करणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रोटीन असतो, त्याला ते दाबतं. नेहमीची तक्रार अशी की करक्युमिन रक्तात पोचतच नाही, आणि ते खरंय, पण इथे आजारच आतड्यात आहे ना, मग औषध आतड्यातच पडून राहिलं तर बरंच की! 2015 मध्ये छापून आलेल्या एका ट्रायलमध्ये कोलायटिसच्या 50 पेशंटना मेसालामाइन चालू ठेवून एका गटाला रोज 3 ग्रॅम करक्युमिन दिलं, महिन्याभरात 26 पैकी 14 जणांचा आजार शांत झाला, प्लासिबोवाल्या, म्हणजे करक्युमिन नसलेली नुसती कॅप्सूल घेणाऱ्या 24 पैकी एकाचाही नाही. ट्रायल छोटी, हे खरं. आणि लगेच चमचा चमचा हळद खायला घेऊ नका, हळदीत करक्युमिन जेमतेम 3 टक्के, म्हणजे तेवढ्या डोससाठी रोज 100 ग्रॅम हळद लागेल.

कालमेघ नावाच्या कडू औषधी झाडाचा अर्कही मधल्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये, 224 पेशंटमध्ये, बरा दिसला होता, पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये मात्र गाडी अडली. असं फार वेळा होतं.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते ती नीळ. नीळ देणाऱ्या झाडांच्या पानांपासून चीनमध्ये छिंग दाय नावाची पावडर करतात, ती पेशींमधला एएचआर नावाचा रिसेप्टर जागा करते, मग आयएल-22 नावाचं पेशींना निरोप देणारं प्रोटीन वाढतं आणि अस्तराची डागडुजी सुरू होते. जपानमध्ये 86 पेशंटवर 8 आठवडे ट्रायल झाली, रोज 2 ग्रॅम घेणाऱ्यांपैकी 81 टक्क्यांना फरक पडला, प्लासिबोवाल्यांपैकी जेमतेम 14 टक्क्यांना. जबरदस्त आकडे! पण ही ट्रायल मध्येच थांबवावी लागली, कारण ट्रायलच्या बाहेर, स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने ही पावडर घेणाऱ्याला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत प्रेशर वाढायचा आजार झाल्याचं कळलं, आणि जपान सरकारने 2016 मध्ये तसा इशाराही दिला. पावडर बंद केल्यावर काहींचं प्रेशर उतरलं, पण त्यासाठी आधी कारण सापडायला हवं, आणि पेशंटने पोटाच्या डॉक्टरला या पावडरीबद्दल सांगितलंच नसेल तर जिना चढताना लागणाऱ्या दमाचा तिच्याशी संबंध लावणार कोण?