स्टिअरिंगला प्ले आलाय? बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी हे वाचा

नाशिकला आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांची तक्रार एकच असते : "स्टिअरिंग ढिलं झालंय, बॉक्स टाइट करून द्या." याच ढिलेपणाला प्ले म्हणतात, आणि बॉक्स म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा गिअरबॉक्स. कसारा घाट उतरताना गाडी सरळ ठेवायला हात सारखे डावी-उजवीकडे चाललेले असतात, शेजारून ट्रक गेला की गाडी झोल खाते. बॉक्स टाइट करणं पाच मिनिटांचं काम. बॉक्सवर एक स्क्रू असतो, त्याचा चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल करायचा, स्क्रू पाव फेरा आवळायचा, झालं. तरी आम्ही पहिल्या दिवशी त्याला हात लावत नाही.

कारण असं. फियाट ११००, डिलाइट किंवा पद्मिनीत स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला, बॉक्सच्या आत, वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) असतो आणि त्याच्या आट्यांत रोलर फिरतो. गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे वर्म मधोमध झिजतो आणि त्याच्या कडा जवळपास कोऱ्या राहतात. मधला प्ले घालवायला स्क्रू आवळला की कडेला रोलर जाम होतो. मग द्वारका सर्कलला गाडी वळते खरी, पण वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. गेल्या पावसाळ्यात अशीच एक डिलाइट आली होती. कुठे कुठे तीन वेळा स्क्रू आवळून झाला होता. बॉक्स खोलला तर वर्मच्या आट्यांवरून पोलादाचे बारीक पापुद्रे सुटलेले, तेलात चमचमत होते. खरा प्ले होता आयडलर आर्मच्या (दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा आर्म) बुशमध्ये, म्हणजे आतल्या नळीसारख्या अस्तरात. तो बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. वर्म मात्र आता शोधावा लागला.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे : आधी बाहेरचे सांधे, मग किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनेभोवती वळतं ती), बॉक्स सगळ्यात शेवटी.

प्ले कुठे आहे, हे तुम्हालाही घरी पाहता येतं. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोटं टेकवायची. दांडा आधी हलतो आणि त्याला जोडलेला आर्म मागून, तर तो सांधा गेला. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं. मग पुढचं चाक जॅकवर घ्या (खाली स्टँड लावूनच) आणि वरून-खालून धरून हलवा. खटखट लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिन किंवा सस्पेन्शनचे बुश. ही एवढी चाचणी न करता बेअरिंगं बदलून आलेल्या गाड्या आम्ही किती पाहिल्या, मोजायचं सोडून दिलं.

अँबेसेडरवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं : तुमच्या गाडीत वर्मऐवजी रॅक अँड पिनियन आहे, म्हणजे दात्यांची सरळ पट्टी आणि तिच्यावर फिरणारा छोटा गिअर. तिथे पहिल्यांदा रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट बघा. बूट फाटला की पावसाळ्यातला चिखल थेट दात्यांत. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये मधोमध बेलक्रँक (दोन्ही चाकांचे दांडे हलवणारा आर्म) असतो. त्याची पिन झिजली की दोन्ही चाकं आपापल्या मर्जीने चालतात आणि ठरावीक वेगाला सगळं पुढचं टोक थडथडायला लागतं.

किंगपिनबद्दल जरा सविस्तर

पुढचं चाक वळतं ते या पिनेभोवती. पिन पोलादाची, वर-खाली पितळी बुश. हा बुश रोज गाडीचे धक्के खातो, आणि त्याला मागणी एकच, ग्रीस. आमच्या टेबलावर एक जुना बुश ठेवलाय, आलात की हातात घेऊन बघा. गोल भोकाचं अंड्यासारखं झालंय, आणि ग्रीसचं छिद्र बुशच्या भिंतीमागे बंद पडलंय. बसवणाऱ्याने बुशचं छिद्र ग्रीस मारायच्या निपलसमोर आणलंच नव्हतं. मालक बिचारे नेमाने ग्रीस मारत होते. ते ग्रीस आत गेलंच नाही.

बुश नुसता ठोकून बसवला की काम होत नाही. तो दाबून बसवल्यावर वरचा आणि खालचा असे दोन्ही एकाच लांब रिमरने (भोक अचूक मापाला कापणारं हत्यार), एकाच रेषेत कापावे लागतात. वेगवेगळे कापले तर पिन तिरपी बसते आणि नवीन काम सहा महिन्यांत जुनं होतं. आमची कसोटी साधी : तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली पाहिजे. आपोआप पडली तर बुश ढिला, हातोडी लागली तर घट्ट. हे काम अंबडला लेथवर पाठवतो, त्यामुळे दोन दिवस धरून चाला. त्यानंतर ग्रीस मारताना चाक जॅकवर उचललेलं असू द्या. वजन पिनेवर असलं की जिथे गरज आहे तिथेच ग्रीस पोहोचत नाही.

टाय रॉड एंडची (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) दुरुस्ती होत नाही, ते बदलायचेच. काढताना किती फेऱ्यांनी सुटला हे आम्ही खडूने लिहून ठेवतो, म्हणजे नवीन बसवल्यावर टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते माप) फार हलत नाही. नट सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन प्रत्येक वेळी नवीन. सरळ करून पुन्हा घातलेली जुनी पिन आमच्याकडे चालत नाही.

आम्ही काय करत नाही, तेही सांगून ठेवतो. वाकलेला स्टिअरिंग आर्म गरम करून सरळ करत नाही. तुटलेल्या दांड्याला वेल्डिंग करत नाही, मग ग्राहक कितीही ओळखीचा असो. गळणाऱ्या बॉक्समध्ये तेलाऐवजी ग्रीस भरत नाही. ग्रीस वर्मपासून बाजूला ढकललं जातं आणि परत येत नाही, वर्म कोरडा फिरतो. सील बदलून ९० नंबरचं गिअर ऑइलच भरतो. पॉवर स्टिअरिंग बसवून द्या, असंही हल्ली विचारतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. पॉवर स्टिअरिंगसाठी चेसिसवर कापाकापी करायची असेल तर आमचं उत्तर नाही. शिवाय स्टिअरिंग जड लागण्याचं कारण अनेकदा साधं असतं : कोरडे किंगपिन, कमी हवा, किंवा ५.२०-१४ मापाच्या टायरच्या जागी चढवलेले रुंद रेडियल टायर.

पार्टबाबत : अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं त्याच्याही बरंच आधी. माल अजून मिळतो, पण डब्यावर नाव छापलेलं असलं म्हणजे आत तेच असेल असं नाही. तुम्ही चोरबाजारातून किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटवरून आणलेला पार्ट आम्ही तुमच्यासमोर मायक्रोमीटरने मोजतो. बसला तर बसवतो. खोललेल्या गाडीचा चांगला वर्म मिळाला तर तो नव्या नकलीपेक्षा केव्हाही बरा, असं आमचं मत.

काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज देतो. मध्येच काही नवीन सापडलं तर फोन करूनच पुढे जातो. सगळं झाल्यावर अलाइनमेंट आणि त्र्यंबक रोडवर एक फेरी, तुम्ही चालवायची आणि आम्ही शेजारी बसायचं. काढलेले पार्ट पिशवीत भरून तुमच्या डिकीत ठेवतो.

एक विनंती : गाडी दाखवायला आणण्याआधी आठवडाभर ग्रीसिंग करू नका. ताज्या ग्रीसने सांधे भरतात आणि प्ले लपतो.