केसगळतीसाठी येताय? तपासणी होईपर्यंत हे सुरू करू नका, ते बंद करू नका

केसगळतीसाठी आमच्या क्लिनिकमध्ये येणारी बहुतेक मंडळी आधीच काहीतरी सुरू करून आलेली असतात. केसांसाठी म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गमी, मैत्रिणीने सांगितलेली लोहाची कॅप्सूल, बी-१२चं इंजेक्शन, पोट फुगतं म्हणून बंद केलेला गहू, सकाळी उठल्याउठल्या अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल. मग 'रक्त आज देऊ नका, तीन दिवसांनी द्या' किंवा 'आज गोळ्या लिहून देत नाही' असं आम्ही सांगतो आणि समोरचा माणूस नाराज होतो. अर्धा दिवस रजा टाकून आलेल्याची नाराजी रास्तच आहे. म्हणून हे पत्रक अपॉइंटमेंट घेतानाच देतो.

केस कशाने गळताहेत, हे आधी

दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच. रोज डोक्यावरून न न्हाणाऱ्यांची गुंतवळ न्हाण्याच्या दिवशी मोठी दिसते, तेवढ्याने घाबरू नका. त्यापलीकडच्या गळतीचे दोन प्रकार आम्हाला सर्वांत जास्त दिसतात.

पहिला एकदम सुरू होतो, सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस येतात, गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका असतो. याचं कारण आजचं नसतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं: डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, महिन्यात सहा-सात किलो उतरवणारं डाएट. गणपतीत डेंग्यू झाला तर केस दिवाळीच्या सुमारास गळायला लागतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि खापर शाम्पूवर नाहीतर बोअरच्या पाण्यावर फुटतं. (बोअरच्या पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, मुळापासून गळत नाहीत.) कारण एकदाच घडून गेलेलं असेल तर ही गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात तुम्ही जे काही घेत असाल, त्याला श्रेय मिळतं. बायोटिनची बरीचशी कीर्ती अशी झाली आहे.

दुसरा प्रकार सावकाश चालतो. पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळू दिसायला लागते. बायकांचा भांग रुंद होत जातो. इथे केस गळतात त्यापेक्षा बारीक होत जातात. पुरुषांत यामागे आनुवंशिकता आणि डीएचटी हे संप्रेरक असतं. बायकांतही आनुवंशिकता असते, पण संप्रेरकांचं गणित प्रत्येकीत इतकं सरळ नसतं. केसगळतीचं मूळ पोटात असतं असं बरेच जण ऐकून येतात, पण पोट कितीही सुधारलं तरी या प्रकारची गळती थांबत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. अनेकांना दोन्ही प्रकार एकाच वेळी असतात. ते ओळखण्यासाठी आम्ही डर्मोस्कोपखाली (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) केसांची जाडी पाहतो आणि ५०-६० केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतो. म्हणून येताना तेल लावून येऊ नका. न्हायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळी न्हा, त्याच दिवशी नको. सैल झालेले केस न्हाताना निघून गेले तर ओढून पाहण्यात काही कळत नाही.

महिना-दोन महिने वाया घालवणारी चूक

ती एकच आहे: तपासणीच्या आधी स्वतःहून काहीतरी घेणं किंवा सोडणं. नुकसान पैशांपेक्षा वेळेचं जास्त होतं, कारण रिपोर्ट चुकतो आणि त्या चुकलेल्या रिपोर्टवर पुढचे उपचार ठरतात.

बायोटिनचंच पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पट. एवढ्याने अपाय होत नाही म्हणून कुणी विचारही करत नाही. पण रक्ततपासणीच्या बऱ्याच किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं, आणि रक्तात आधीच भरपूर बायोटिन असेल तर यंत्राची फसगत होते. अशा किटवर थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटा कमी येतो आणि टी-४ खोटा जास्त. कागदावर थायरॉइड वाढल्याचं चित्र उभं राहतं. थायरॉइड वाढला की केस गळतात हे खरंच असल्यामुळे सगळं जुळतंय असं वाटतं, आणि माणूस नसलेल्या आजाराच्या मागे लागतो. त्याच पद्धतीच्या किटवर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी दिसू शकतं, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व जास्त दिसू शकतात. म्हणून रक्त देण्याआधी पूर्ण तीन दिवस बायोटिन बंद ठेवा. मल्टिव्हिटॅमिनच्या आणि 'हेअर-स्किन-नेल्स'च्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात बायोटिन लिहिलेलं असतं, तेही यात आलं. एक महत्त्वाची सूचना: छातीत दुखून कधी इस्पितळात जायची वेळ आली तर बायोटिन घेत असल्याचं तिथे आवर्जून सांगा. हृदयविकारासाठी केली जाणारी ट्रोपोनिन तपासणीही यामुळे चुकू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

गव्हाचं उलटं आहे. पोट फुगणं, वरचेवर जुलाब, गोळ्या घेऊनही न वाढणारं लोह आणि केसगळती हे सगळं एकत्र असलं की आम्ही सीलिअॅक आजाराची (यात गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी सांगतो. ही तपासणी गहू खात असतानाच खरी येते. महिनोन्महिने पोळी सोडून ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर असाल, तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. मग पुन्हा रोज एक-दोन पोळ्या सहा ते आठ आठवडे खाऊन तपासणी करावी लागते, आणि ज्याला खरोखर आजार आहे त्याचे ते आठवडे फार वाईट जातात. गहू सोडायचाच असेल तर रक्त देऊन झाल्यावर सोडा.

अॅसिडिटीच्या गोळीचं दुखणं दुहेरी आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातला जंतू लोह अंगी लागू देत नाही. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो सापडतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यांपैकी काही चालू असेल तर जंतू असूनही सापडत नाही. तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. मात्र हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अॅसिडिटीची गोळी मनाने थांबवू नका, आम्हाला फोन करा. दुसरं म्हणजे, ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर आम्ल कमी राहिल्याने लोह आणि बी-१२ दोन्ही कमी शोषले जातात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही बी-१२ कमी होतं. कित्येकांच्या केसगळतीचा 'पोटाशी संबंध' निघतो तो असा, गोळीच्या वाटेने.

बी-१२चं इंजेक्शन घेऊन आलात तर रिपोर्ट भरपूर दाखवणारच. आधी किती होतं हे मग कळायला मार्ग नाही. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन फुगून दिसतं. म्हणून ताप उतरून दोन-तीन आठवडे झाल्यावरच ही तपासणी करा. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर ती बंद करायची नाही. त्या दिवशी फक्त रक्त देऊन झाल्यावर घ्यायची.

आम्ही लिहून देतो त्या तपासण्या अशा: हिमोग्राम, फेरिटिन, टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व; पाळी अनियमित असेल तर संप्रेरकांच्या दोन-तीन जास्तीच्या. तुमच्या सोयीच्या लॅबमध्ये करा, आमचा कुठल्याही लॅबशी व्यवहार नाही. फक्त दुसऱ्यांदा करताना तीच लॅब ठेवा, कारण किट बदललं की आकडे थोडे बदलतात. तीन महिन्यांच्या आतले रिपोर्ट असतील आणि तेव्हा वरच्यापैकी काही चालू नसेल, तर आम्ही तेच चालवून घेतो.

पोटासाठी खरोखर काय करायचं

फेरिटिन ३०च्या खाली असेल तर लोह कमी आहे असं धरून चालतो. केसांसाठी ते ४०च्या वर असावं असा आमचा आग्रह असतो. गोळी लिहून दिल्यावरही तीन महिन्यांनी आकडा तिथेच दिसला, तर दहातल्या बऱ्याच वेळा कारण चहा असतं. चहा-कॉफीतले घटक लोह बांधून ठेवतात. लोह अंगी लागावं म्हणून पोह्यांवर लिंबू पिळायचं आणि सोबत चहा घ्यायचा, म्हणजे एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतलं. लोहाची गोळी चहाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर घ्या, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर. कॅल्शियमची गोळी आणि दूध तिच्यासोबत नको. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर ठेवा. रोज घेण्याऐवजी एक दिवसाआड घेतली तर लोह प्रमाणात जास्त शोषलं जातं आणि मळमळ, बद्धकोष्ठ कमी होतं, म्हणून आम्ही बहुतेकांना तशीच देतो. 'रोज' लिहायचं आम्ही विसरलेलो नसतो. शौचाला काळं होतं, त्याची काळजी नको. गोळी नसतानाही काळं होत असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

हळिवाचे लाडू खावेत, चांगलेच आहेत. पण फेरिटिन १२ असताना लाडवांवर भिस्त ठेवू नका.

केस प्रथिनांचे बनतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. एक वाटी वरणात पाच-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, कपभर दुधात सहा-सात. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरणभात असा दिवस असेल तर बेरीज स्वतःच करून पाहा. मोड आलेली मटकी, कुळीथ, अंडं, बांगडा, पनीर, दही यांतलं तुमच्या घरात चालतं ते वाढवा. जिमवाल्यांसाठी: कच्चं अंडं नको. कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं, उकडलं की ते निकामी होतं. नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर राहणाऱ्यांनी दाणे, राजगिरा आणि ताक तरी सोडू नये.

तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्या, पण आठवड्या-आठवड्याने वाढवत. एकदम वाढवले की गॅस होतो आणि माणूस सगळंच सोडून देतो. इसबगोल एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. रोज सोनामुखीचं चूर्ण घेऊन पोट 'साफ' ठेवण्याची सवय आम्ही सोडायला लावतो. ताक, दही, आंबील चांगली. कढीत आणि इडलीत मात्र जिवंत जंतू उरत नाहीत, ते उष्णतेने मरतात. प्रोबायोटिक कॅप्सूलने केस येतात असं म्हणण्याइतका पुरावा आम्हाला दिसत नाही, त्यामुळे आम्ही त्या ठेवत नाही. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काही असेल तर आधी पोटाचे डॉक्टर, मग आम्ही.

मिनॉक्सिडिल: सहाव्या आठवड्यातला फोन

आनुवंशिक प्रकारासाठी हा मुख्य लेप. पुरुषांना सहसा ५ टक्के, १ मिलिलिटर दिवसातून दोनदा. बायकांना २ टक्के दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा. भांग पाडून कोरड्या त्वचेवर लावा, केसांवर नाही. चार तास डोकं ओलं करू नका. रात्रीचा लेप झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्याला लागून तिथे लव येते. द्रावणाने खाज सुटली तर ती बहुधा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे. फोममध्ये ते नसतं, बदलून देऊ. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना हे औषध नाही. घरात मांजर असेल तर बाटली बंद ठेवा आणि लावलेलं डोकं तिला चाटू देऊ नका. तिच्यासाठी हे विष आहे.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. थांबलेले केस नव्यांना वाट करून देतात, औषध लागू पडत असल्याची ती खूण आहे. नेमकं याच वेळी लोक बंद करतात. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो, पूर्ण परिणाम वर्षाने. मधे सोडलं तर मिळवलेलं तीन-चार महिन्यांत जातं आणि मोजणी पहिल्यापासून. बंद करण्याआधी फोन करा. दर भेटीला त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेले फोटो आमच्याकडे असतात, ते पाहून ठरवू.

पुरुषांना फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम ही डीएचटी कमी करणारी गोळी लागू शकते. काही थोड्यांना लैंगिक इच्छेवर परिणाम जाणवतो, तो लाजून लपवू नका. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना हे औषध सांगा, आकडा निम्म्यावर येतो. रक्तदान करायचं तर गोळी बंद होऊन महिना उलटलेला असावा. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये.

पीआरपीबद्दल (तुमच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून डोक्याच्या त्वचेत टोचणं) सगळे विचारतात. आमच्याकडे होतं, महिन्याच्या अंतराने तीन ते चार वेळा. पण पहिल्या भेटीत करत नाही, आणि फेरिटिन तळाला असताना तर नाहीच. वाट पाहिली तर स्वस्तात काम होण्याची शक्यता असते. औषधासोबत त्याचा काहींना चांगला फायदा होतो, सगळ्यांना नाही. टाळू गुळगुळीत झाली असेल तिथे ना लेपाने केस येतात ना पीआरपीने, तसं आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. गोल चट्टा पडला असेल, पू असेल किंवा त्वचा दुखत असेल तर रांगेत थांबू नका. अपॉइंटमेंट घेताना तसं सांगा, त्याच आठवड्यात बोलावतो.

येताना जुने रिपोर्ट, चालू असलेल्या प्रत्येक गोळीची स्ट्रिप आणि पावडरीच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणा. 'एक आयुर्वेदिक आहे, नाव आठवत नाही' अशी बाटलीही उचलून आणा.