मूक मेट्रोनोम

टिकटिक न करता डोळ्यांना किंवा त्वचेला लय दाखवून देणारे साधन. डोलणारा लोलक, लुकलुकणारा दिवा, मनगटावर थरथरणारे यंत्र ही त्याची नेहमीची रूपे. ध्वनिमुद्रणात हेडफोनमधली टिकटिक मायक्रोफोनपर्यंत झिरपते आणि हळुवार जागी लगेच ऐकू येते. तिथे हे साधन कामी येते. कर्णबधिर वादकांनाही त्याचा उपयोग होतो.

आवाज करणारा मेट्रोनोम नंतरचा, मूक आधीचा. फ्रान्समध्ये एतियेन लुलिए यांनी 1696 मध्ये वर्णन केलेला 'क्रोनोमेत्र' हा साधा लोलकच होता. दोरीची लांबी बदलून लय ठरवायची. सुमारे 99 सेंमी लांबीचा लोलक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला 1 सेकंदात जातो, म्हणजे मिनिटाला 60 ठोके. लय दुप्पट हवी, तर लांबी पाव करावी लागते, सुमारे 25 सेंमी. यंत्रकार विंकेल यांची कल्पना उचलून जर्मन संशोधक मेल्त्सेल यांनी 1815 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो चावीचा मेट्रोनोम मात्र टिकटिकणारा होता.

दिव्याचा मेट्रोनोम सर्वांत स्वस्त, पण कामाला सर्वांत कच्चा. प्रकाश चमकला की ठोका येऊन गेलेला असतो, आणि वादकाला तर तो येणार हे आधी कळायला हवे. नुसत्या लुकलुकीवर बोट ठोकणारे लोक आवाजावर ठोकणाऱ्यांपेक्षा जास्त ढळतात, हे प्रयोगांत दिसले आहे. दिव्याऐवजी उसळता चेंडू दाखवला की ही चूक बरीच कमी होते. हॉलिवूडच्या पार्श्वसंगीतकारांनी हे हेरले होते: पडद्यावर एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते आणि ती कडेला पोचली की नेमक्या क्षणी ठिपका चमकतो. तालाची टाळी आणि 'खाली' (बिनटाळीची मात्रा) धरणारा हातही असाच चालतो. त्रितालात 1, 5 आणि 13 या मात्रांवर टाळी पडते, 9 वर हात हवेतच उलटतो. पण तो निघतो मात्रेच्या आधी, म्हणून 'खाली' आवाजाविना कळते. शिवाय सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते हात सांगतो. साध्या लोलकाला सगळे ठोके सारखेच.

साउंडब्रेनर पल्ससारखी अंगावर बांधायची यंत्रे कंपनाने लय देतात. त्यासाठी नजर अडकून पडत नाही, म्हणून नोटेशन वाचून वाजवणाऱ्यांना ती सोयीची. अशा यंत्रांत लहान मोटर असेल, तर तिला पूर्ण वेग घ्यायला क्षणभर लागतो. त्यामुळे ठोक्याची कड बोथट होते आणि द्रुत लयीत कंपने एकमेकांत मिसळतात. ड्रमवादकाच्या मनगटाला तर आपल्याच काठीचे हादरे बसत असतात, तेव्हा त्याने यंत्र दंडावर किंवा घोट्यावर बांधून पाहावे.