हिरवा दिवा लांबवला की चौक मोकळा होतो?

‘सिग्नलचा हिरवा वेळ दुप्पट करा, कोंडी सुटेल’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे.

चार दिशांना आळीपाळीने सोडणारा १२० सेकंदांचा सिग्नल घ्या. दर वेळी दिशा बदलताना साधारण ४ सेकंद वाया जातात: पहिला चालक गाडी हलवायला वेळ घेतो आणि शेवटी चौक रिकामा व्हावा लागतो. म्हणजे एका फेरीत १६ सेकंद. हिरवा दुप्पट करून फेरी २४० सेकंदांची केली, तर क्षमता वाढते जेमतेम पावणेआठ टक्के.

किंमत मात्र मोठी. लाल दिवा ९० वरून १८० सेकंदांवर जातो. एका लेनमध्ये दर १० सेकंदांना एक गाडी आली, तर ९ ऐवजी १८ गाड्या साचतात. गाडीमागे ७ मीटर धरले, तर रांग ६३ वरून १२६ मीटर. मागचा चौक १०० मीटरवर असेल, तर रांगेचं शेपूट थेट त्याच्या मधोमध! मग तिथली आडवी वाहतूकही अडते, हिरवा असूनही. मोठ्या कोंड्या अनेकदा अशाच पसरतात.

म्हणून आधी रांगेची लांबी मोजा, तीही ऐन गर्दीत. फेरी शक्य तितकी आखूड ठेवा, पुढचा चौक तुंबला असेल तर त्या दिशेचा हिरवा लवकर तोडा.