बागुलबुवा

बागुलबुवा (पुल्लिंगी नाम, 'बागुलबोवा' आणि नुसते 'बागुल' अशीही रूपे आढळतात) : लहान मुलांना भीती घालण्यासाठी घेतले जाणारे एका काल्पनिक पात्राचे नाव. त्यावरून, जिच्यात सांगितला जातो तेवढा धोका नसतो, पण जिची भीती मनात बसलेली असते किंवा मुद्दाम बसवली जाते, अशी कोणतीही गोष्ट. पहिला अर्थ घरातला, दुसरा अग्रलेखातला आणि भाषणातला. मोठ्यांच्या तोंडी आज दुसराच अधिक असतो.

मराठीतल्या इतर भीतिदायक मंडळींना काही ना काही ओळख आहे. हडळीचे पाय उलटे, मुंजाचे घर पिंपळावर, राक्षसाला सुळे. बागुलबुवाला मात्र रूप नाही, ठावठिकाणा नाही, गोष्टही नाही. त्याच्याबद्दल एवढेच सांगतात की तो येईल. "मुकाट्याने झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" हे वाक्य जवळजवळ नेहमी भविष्यकाळातच राहते. फार तर दाराकडे बोट दाखवून "आला बघ" म्हणतात. तेवढ्यावर पोर पांघरुणात शिरते, कारण सांगणाऱ्याने कोरी सोडलेली जागा ते आपल्या कल्पनेने भरून काढते. प्रत्येक मुलाचा बागुलबुवा वेगळा असतो तो यामुळेच.

नावातला 'बुवा' हा एरवी मानाचा शब्द. गोसावीबुवा, कीर्तनकारबुवा यांच्यासाठी क्रियापद आदरार्थी बहुवचनात येते: बुवा आले, बुवा बसले. बागुलबुवा मात्र 'आला', 'येईल' असा एकवचनीच राहतो. नावापुरता मान, व्याकरणात नाही. ज्याची भीती वाटते त्याला गौरवाने किंवा आडून संबोधायची रीत मराठीत जुनी आहे. वाघाला वाघोबा म्हणतात, आणि त्याचा उपयोग होत नाही हेही म्हणीनेच सांगून ठेवले आहे: वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो. रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणतात. ज्या रोगाने माणसे दगावत, चेहरे विद्रूप होत, त्याला 'देवी' म्हटले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये त्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, नाव मात्र देवीच राहिले. वाघ, साप, देवी यांच्यामागे खरा मृत्यू उभा होता. बागुलबुवामागे कोणीच नसते.

याच्या सर्वांत जवळचा शब्द 'बाऊ'. त्याचे दोन अर्थ बाळभाषेतले: एक भीती घालणारा कोणीतरी, दुसरा खरचटणे किंवा छोटीशी जखम ("बाऊ झाला का?"). मोठ्यांच्या भाषेत तो 'बाऊ करणे' या वाक्प्रचारात उरला आहे. क्षुल्लक गोष्टीचे अवडंबर माजवणे, हा त्याचा अर्थ. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण त्यांत फरक आहे आणि तो जपावा असा आहे. बाऊ माणूस बहुधा स्वतःच्याच अडचणीचा करतो. बागुलबुवा दुसऱ्याला दाखवला जातो, दुसऱ्यासमोर उभा केला जातो. म्हणून 'बागुलबुवा उभा करणे' यात दाखवणाऱ्याच्या हेतूबद्दलचा आरोपही असतो. 'हाऊ' हा मुलांना भिवविण्याचा आणखी एक शब्द. हिंदीतून आलेला 'हौवा'ही आता ऐकू येतो.

बाकीचे शब्द समानार्थी म्हणून दिले जातात, पण त्यांना बागुलबुवाच्या जागी बसवले की अर्थ पालटतो. बुजगावणे डोळ्यांसमोर उभे असते आणि त्याचा पोकळपणा उघड होऊ शकतो. त्याला नामधारी अधिकाऱ्याचा अर्थही आहे. धाक, वचक आणि दरारा माणसाचे असतात, त्यात कधी कधी आदरही मिसळलेला असतो. सावट म्हणजे खरोखर जवळ येत असलेल्या संकटाची छाया: दुष्काळाचे सावट. भस्मासुर म्हणजे आपणच वाढवलेले आणि आता आपल्यावरच उलटलेले संकट. 'महागाईचा भस्मासुर' लिहिणारा भीती रास्त मानतो. 'महागाईचा बागुलबुवा' लिहिणारा ती खोटी ठरवतो. एका शब्दाने निकाल लागलेला असतो, पुरावा पुढे यायच्या आधीच.

या शब्दाचा धोका इथेच आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. सन 2000 उजाडताना संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असल्याने यंत्रणा कोलमडतील, अशी चिंता जगभर होती. 1 जानेवारीला मोठा अनर्थ घडला नाही, आणि तो सगळा बागुलबुवाच होता असे अनेकांनी म्हटले. प्रत्यक्षात त्याआधीची काही वर्षे असंख्य प्रोग्रॅमर जुन्या प्रणाली तपासून दुरुस्त करत होते. संकट टळले म्हणजे ते नव्हतेच, असे होत नाही. उलट बाजूने गणिताचा किंवा इंग्रजीचा बागुलबुवा हे प्रयोग चपखल आहेत: विषय कठीण असतो, पण मुलाला अडवते ती शिकायला लागण्याआधीच कानावर पडलेली भीती. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण याच अवस्थेची.

असे पात्र बहुतेक भाषांत आहे. कन्नडमध्ये 'गुम्म', तेलुगूत 'बूची', तमिळमध्ये 'पूच्चांडी', बंगालीत 'जुजू'. पुरंदरदासांच्या एका कन्नड पदात बाळकृष्ण यशोदेला विनवतो की गुम्माला बोलावू नकोस. साक्षात देवालाही त्याचे भय. स्पॅनिशमधल्या 'कोको'चे चित्र फ्रान्सिस्को गोयाने 1799 मध्ये प्रसिद्ध केलेल्या छापचित्रांच्या मालिकेत आहे. त्यात आपादमस्तक कापडात गुंडाळलेली एक आकृती मुलांसमोर उभी आहे आणि तिचा चेहरा पाहणाऱ्याला दिसत नाही.

काल्पनिक प्राण्यांची आणि अंधाराची भीती साधारण तीन ते सहा या वयात सर्रास आढळते आणि बहुतेक मुलांत ती वयाबरोबर ओसरते. ती न ओसरता रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागली, तर तिला भयगंड म्हणतात. तो उपचारांनी आटोक्यात येणारा विकार आहे. अशा माणसाला "उगाच बाऊ करतोस" म्हणणे अन्यायाचे, कारण भयगंड असलेल्या पुष्कळांना आपली भीती प्रमाणाबाहेर आहे हे आधीच कळत असते, आणि तरीही ती सुटत नसते.