रिलायन्स बिल्डिंग, शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहराच्या ‘लूप’ या मध्यवर्ती व्यापारी भागात, स्टेट आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील पोलादी सांगाड्याची आरंभीची गगनचुंबी कार्यालयीन इमारत (१८९५). उंची सुमारे ६१ मी.; मजले कुणी १४ मोजतात, कुणी १५. (नावातल्या ‘रिलायन्स’चा आपल्याकडच्या उद्योगसमूहाशी काही संबंध नाही.)

मालक विल्यम हेल याचा धंदा लिफ्टचा, तेव्हा उंच इमारतीची त्याला हौस असणारच. पण जागेवर जुनी इमारत होती आणि तिच्या वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे करार १८९४ पर्यंतचे. यावर तोडगा निघाला तो अजबच. १८९० मध्ये वरचे मजले स्क्रू-जॅकवर तोलून धरले, खालचा मजला पाडला आणि त्या अधांतरी कार्यालयांखाली नव्या इमारतीचा पाया व तळमजला बांधून घेतला. करार संपल्यावर मग जुने मजले उतरवण्यात आले.

दरम्यान, नव्या इमारतीचा आराखडा करणाऱ्या ‘बर्नहॅम अँड रूट’ या कंपनीतील वास्तुकार जॉन रूट जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने वारला. उरलेला आराखडा चार्ल्स ॲटवुडने केला. सांगाडा एडवर्ड शँकलंड या अभियंत्याचा. खांब दोन-दोन मजले उंचीचे. शेजारच्या खांबांचे सांधे एकाच पातळीवर येऊ दिलेले नाहीत, त्यामुळे वाऱ्यापुढे सांगाडा ताठ राहतो. वरच्या १० मजल्यांचे पोलाद अवघ्या १५ दिवसांत उभे राहिले.

याच कंपनीची १८९१ ची मोनॅडनॉक इमारत सोळा मजली, पण विटांच्या भिंतींवर उभी. तिच्या तळाशी भिंत जवळजवळ सहा फूट जाड आहे. रिलायन्समध्ये भिंतीवर इमारतीचा भारच नाही. त्यामुळे दर्शनी भागात बहुतेक काचच आहे: मधे मोठे न उघडणारे तावदान, दोन्ही बाजूंना हवेसाठी सरकत्या अरुंद खिडक्या. उरलेल्या जागेत झिलई दिलेले पांढरे टेराकोटा (भाजलेल्या मातीचे आच्छादन). कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या शिकागोत ते पावसानेच धुऊन निघेल, अशी अपेक्षा होती. ती फारशी खरी ठरली नाही.

डॉक्टर, दंतवैद्य, शिंपी, जवाहिरे असे भाडेकरू येथे होते. महामंदीनंतर इमारतीला अवकळा आली. १९७६ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली, १९९४ मध्ये शहराने विकत घेतली आणि दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये तेथे ‘हॉटेल बर्नहॅम’ सुरू झाले. खोल्यांना दारे मात्र जुन्या कार्यालयांसारखीच, धुरकट काचेची ठेवली.